वैनगंगेकाठचा मोगली : पडद्यावरचा आणि पुस्तकातला

शहापूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या धाकट्याने मोबाईलवर ‘जंगल बुक’चा चित्रांचा सिनेमा पाहिला. मग शाळेत कोणीतरी त्याला सांगितले, की हा मोगली आपल्या वैनगंगेच्या काठचा. तेव्हापासून पोराने आईचा पिच्छा पुरवला आहे. नदी आपली, जंगल आपले, मग सिनेमात आपल्यासारखी माणसे का नाहीत? गाव का नाही, ढोरे का नाहीत? ताई विचारतात, की मुलाला काय सांगू?

ताई, तुमच्या मुलाने नेमके बोट ठेवले आहे. माणसे होती. गाव होते, ढोरेही होती. ती मूळ पुस्तकात आहेत आणि सिनेमा करणाऱ्यांनी ती काढून टाकली. कशी ते आज सविस्तर पाहू, कारण या पुस्तकात वैनगंगेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याने वाचावे असे बरेच आहे.

आधी नदीचे. शहापूरहून भंडाऱ्याला आले आणि पुढे साकोलीच्या रस्त्याला लागले, की कारध्याला जिच्यावरून पूल जातो तीच ही वैनगंगा. ती उगम पावते मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात. तिथून बालाघाटवरून आपल्याकडे येते, पुढे वर्धा नदीला मिळते आणि दोघी मिळून प्राणहिता होतात. पुस्तकाची पहिलीच गोष्ट सुरू होते ती शिवनीच्या डोंगरात, एका उकाड्याच्या संध्याकाळी, लांडग्याच्या गुहेत. आणि शेरखान वाघ राहतो तो वैनगंगेच्या काठी. तिथल्या गावकऱ्यांची गुरे मारून मारून त्याने त्यांचा राग ओढवून घेतला, म्हणून तो शिकारीचा मुलूख बदलून शिवनीच्या डोंगराकडे सरकला, असे लांडगीण रागाने म्हणते. म्हणजे गोष्टीला सुरुवात होते ती वैनगंगेकाठच्या गावकऱ्यांच्या मेलेल्या गुरांपासून.

पुस्तक लिहिणारा रुडयार्ड किपलिंग हा इंग्रज. जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५. वडील मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. मजा अशी, की ही पुस्तके त्याने अमेरिकेत व्हरमाँट नावाच्या बर्फाळ मुलखात बसून लिहिली. शिवनीचे रान त्याने स्वतः पाहिलेले नव्हते, असे अभ्यासक मानतात. स्टर्नडेल नावाच्या एका इंग्रजाने शिवनी आणि सातपुड्यातल्या शिकारीवर १८७७ साली पुस्तक लिहिले होते, त्याचा त्याला मोठा आधार मिळाला. ‘जंगल बुक’ १८९४ साली निघाले आणि दुसरा भाग १८९५ साली. दोन्ही मिळून पंधरा गोष्टी, त्यांपैकी आठ मोगलीच्या. एका दोऱ्यात ओवल्या तर त्यांची कादंबरी होते. मोगली तान्हेपणी येतो आणि शेवटच्या गोष्टीत सतरा वर्षांचा होऊन रान सोडतो.

सिनेमा आला १९६७ साली, अमेरिकेच्या वॉल्ट डिस्ने कंपनीचा. डिस्ने साहेब त्याआधी दहा महिने, डिसेंबर १९६६ मध्ये, वारले होते. त्यांनी जातीने लक्ष घातलेला हा शेवटच्या चित्रपटांपैकी एक. सव्वा तासाचा खेळ. बघीरा नावाच्या काळ्या बिबट्याला नदीकाठी टोपलीत मूल सापडते. ते लांडग्यांत वाढते. वाघ परत आल्याची बातमी येते, तेव्हा बघीरा मुलाला माणसांच्या गावाकडे पोचवायला निघतो. वाटेत भालू अस्वल भेटते, माकडे भेटतात, अजगर डोळे गरगरवून भुरळ घालतो. शेवटी वीज पडून झाड पेटते, मोगली जळती फांदी वाघाच्या शेपटीला बांधतो आणि वाघ पळून जातो. मग पाणी भरायला आलेली एक मुलगी दिसते आणि मोगली तिच्या मागोमाग गावात जातो. संपले. ‘गाव’ म्हणून काय ते एवढेच : एक मुलगी, एक घडा आणि पलीकडे दिसणारे कुंपण.

सिनेमाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. भालूचे गाणे लागले, की म्हातारे माणूसही मान डोलावते. चित्रे तर अशी, की हत्तीच्या पावलाचा भार जाणवावा. आणि पुस्तकाचा खेळ करताना बदल व्हायचेच. आपल्याकडे मंडईत दंडार उभी राहते, तेव्हा पुराणातला राजा झाडीबोलीत बोलतोच की! त्यात कोणाला गैर वाटत नाही. प्रश्न असा आहे, की काय बदलले आणि काय गाळले.

लहानसहान बदल आधी उरकून घेऊ. पुस्तकातला भालू मजेखोर नाही. तो रानाचा कायदा शिकवणारा मास्तर आहे आणि चुकल्यावर चापट मारतो. का नावाचा अजगर शत्रू नाही, उलट माकडांनी पळवलेल्या मोगलीला सोडवतो तोच. माकडांना सिनेमाने एक राजा दिला आहे, आणि तोही ओरांगउटान, जो बोर्निओ आणि सुमात्राच्या बेटांवर असतो, आपल्या देशात रानात कुठेच नाही. किपलिंगचे म्हणणे बरोबर उलटे होते. माकडांना ना पुढारी, ना नियम, ना आठवण; म्हणून रानात त्यांना कोणी विचारत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पाहिलेल्यांना ती गोष्ट लगेच पटेल.

आता मोठी गोष्ट. पुस्तकात मोगली वाघाला मारतो तो विस्तवाने नव्हे, म्हशींनी.

लांडग्यांनी हाकलल्यावर मोगली एका गावात येतो. मेसुआ नावाच्या बाईचा मुलगा पूर्वी वाघाने नेलेला असतो. ती याला पोटाशी धरते. कुंभाराचे गाढव मातीच्या खड्ड्यात रुतते, ते हा शेपटीला धरून बाहेर काढतो आणि कान्हीवाड्याच्या बाजाराला न्यायची मडकी लावू लागतो. संध्याकाळी पारावर बुलदेव नावाचा शिकारी आपल्या बंदुकीच्या बढाया मारत असतो. मोगली त्याला तोंडावर खोटा पाडतो. पाटील म्हणतो, या पोराला ढोरांमागे पाठवा. झाले, मोगली गावाचा गुराखी होतो, म्हणजे आपल्या बाजूचा गायकी.

गुराख्याचा दिवस किपलिंगने असा रंगवला आहे, की मुंबईच्या बंगल्यात जन्मलेल्या साहेबाला हे कसे माहीत, असा प्रश्न पडावा. दुपारी गुरे बसली, की पोरे वाळल्या गवताच्या इवल्या टोपल्या विणतात, त्यात नाकतोडे ठेवतात, गुंजांच्या माळा करतात, मातीचे किल्ले रचतात. म्हशी चिखलात लोळतात आणि नाक तेवढे वर ठेवतात. मोगली रामा नावाच्या मोठ्या रेड्याच्या पाठीवर बसून कळप हाकतो. माळाच्या मधोमध एक फुललेला पळस आहे, किपलिंग त्याला ‘ढाक’ म्हणतो. वाघ परत आला, की त्या पळसापाशी ये, अशी खूण लांडगाभावाशी ठरलेली असते.

वाघ येतो आणि वैनगंगेच्या कोरड्या घळीत दबा धरून बसतो. लांडगा येऊन खबर देतो. मोगली पहिला प्रश्न विचारतो, त्याने आज काही खाल्ले आहे का? पहाटे डुक्कर मारून खाल्ले आणि पाणीही प्यायला, असे कळते. तेव्हाच मोगलीच्या ध्यानात येते, की भरल्या पोटी वाघाला धड लढता येणार नाही आणि घळीची कडही चढता येणार नाही. मग दोन लांडग्यांच्या मदतीने तो कळप दुभंगतो. गायम्हशी आणि वासरे घळीच्या खालच्या तोंडाशी, रेडे वरच्या तोंडाशी. रेडे खाली सुटतात. वाघ खालच्या बाजूला वळतो, तर समोर वासरांच्या आया. आणि तो परत रेड्यांकडेच फिरतो! कारण वासरू पाठीशी असलेल्या म्हशीपेक्षा रेडा परवडला, हे वाघालाही ठाऊक असते. आपल्या घरी व्यालेली म्हैस असेल तर हे वाक्य मुलाला समजावून सांगावे लागणार नाही.

या एका प्रसंगात गुराख्याची सगळी विद्या आहे : कळप कसा फोडावा, पुढे कोणाला घालावे, पोट भरलेले जनावर किती पळते, घळीतून वाट कुठे आहे. ती विद्या मोगलीला एकट्या रानाने दिली नाही. अर्धी रानाने दिली, अर्धी गावाच्या ढोरांनी. सिनेमात याच्या जागी आभाळातून वीज पडते. मुलाला त्यातून शिकायला काय मिळाले? वीज पडायची वाट पाहायची?

शेरखान गुरे का मारतो, हेही पुस्तक सांगते. तो जन्मापासून एका पायाने लंगडा आहे. त्याची आईच त्याला लंगडी म्हणायची. धावून हरीण धरता येत नाही म्हणून तो बांधलेले, चरणारे जनावर धरतो. आपल्या भागातही गोठ्यावर आलेला वाघ किंवा बिबट पुष्कळदा म्हातारा किंवा जायबंदी निघतो. दर वेळी नाही, पण पुष्कळदा. सिनेमातला वाघ मात्र धडधाकट, ऐटबाज, आणि माणसाचा द्वेष करतो एवढेच त्याचे कारण. आणखी एक बारकावा. लांडग्यांच्या सभेत बघीरा एक मारलेला बैल देऊन मोगलीचा जीव विकत घेतो. म्हणून तो मोगलीला बजावतो, की तुझी किंमत बैलाची आहे, जन्मभर गुराला तोंड लावायचे नाही. मोगली ते पाळतो.

सिनेमात गाव आधी होते, हे मुद्दाम सांगायला हवे. बिल पीट नावाच्या लेखकाने पहिला आराखडा केला, तो पुस्तकाच्या बराच जवळ होता. त्यात मोगली गावात जातो, शिकाऱ्याशी त्याची गाठ पडते. डिस्ने साहेबांना ते फार काळोखे वाटले. मतभेद झाले आणि पीट कंपनी सोडून गेला. पुढे दुसऱ्या लेखकाच्या हाती पुस्तक देऊन त्यांनी सांगितले म्हणे, की पहिली गोष्ट म्हणजे हे वाचू नका. धंदा म्हणून त्यांचे चुकले नाही, सिनेमा जगभर चालला. पण त्या दिवशी गोष्टीतून गाव गेले ते गेले.

ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती पुढेच आहे. दुसऱ्या भागात एक गोष्ट आहे, गावावर रान सोडण्याची. वाघ मारूनही गावकरी मोगलीला चेटक्या ठरवून दगड मारतात आणि मेसुआला व तिच्या नवऱ्याला जाळायला निघतात. मोगली त्या दोघांना सोडवतो. मग तो हाथीला आणि त्याच्या तीन मुलांना बोलावतो. रक्त सांडायचे नाही, म्हणतो. फक्त गाव उठले पाहिजे. एका रात्री हरणे, रानडुकरे, नीलगाई चारी बाजूंनी उभ्या पिकात शिरतात. मचाणावरचे राखणदार पळतात. सकाळी शेत म्हणून काही उरलेले नसते. लोक म्हणतात, बियाणे तर आहे, पावसापर्यंत त्यावर काढू. तेव्हा हाथी मातीच्या घराचा कोपरा पाडतो आणि आतली शेणाने सारवलेली कणगी फोडतो. मग गोंडांच्या म्होरक्याला विचारतात, आमचे काय चुकले? तो काही बोलत नाही. रानकारल्याचा वेल उचलून देवळाच्या दारावर आडवा गुंफतो आणि कान्हीवाड्याच्या वाटेकडे हात करतो. पहिल्या पावसात घरे पडतात. पावसाळा सरेपर्यंत नांगरट होती तिथे रान माजलेले असते.

बियाण्याची कणगी फुटते ते वाचताना पोटात कालवते. किपलिंगने ते मोगलीच्या बाजूने लिहिले आहे, न्याय म्हणून. धानाच्या बांधीवर आणि हरभऱ्याच्या शेतात डुकरांसाठी रात्र-रात्र जागणाऱ्या माणसाला तो न्याय दिसणार नाही. सिनेमावाल्यांनी ही गोष्ट गाळली ती मुले घाबरतील म्हणून असेल. आपल्या मुलांना मात्र ती घाबरवणार नाही, कारण तिची सौम्य आवृत्ती ती दरवर्षी पाहतात. शेताच्या बांधापाशी रान सुरू होते आणि बांध कोणी मानत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको. कोका, नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला ही अभयारण्ये आपल्या जिल्ह्यात नाहीतर शेजारीच आहेत. वाघ जगला पाहिजे हे खरे, आणि त्याच्या शेजारी कणगीही शाबूत राहिली पाहिजे. सिनेमात या दोन गोष्टींची गाठच पडत नाही. पुस्तकात पडते, आणि फार कडू पडते.

किपलिंगचा खोटही सांगतो. गाव म्हटले, की त्याला भोळसट, भित्री, चेटूक मानणारी माणसेच दिसतात. मेसुआ तेवढी चांगली. तिला आणि तिच्या नवऱ्याला न्याय मिळणार तो कान्हीवाड्याच्या इंग्रजांकडे. साहेबाचे राज्य होते, साहेबाचेच पुस्तक. ज्याचे पीक गेले त्या कुणब्याला संपूर्ण गोष्टीत एक वाक्यही नाही. मोठ्या माणसाने वाचून दाखवताना इथे थांबावे आणि मुलाला विचारावे, की तू त्या गावात असतास तर काय बोलला असतास? सिनेमा पाहताना असे थांबताच येत नाही, गाणे पुढे गेलेले असते.

दुष्काळाची गोष्ट मात्र निर्धास्त वाचा. तिच्यात हिवाळी पाऊस चुकतो, भालूचा आवडता मोह फुलत नाही, वैनगंगेचे पात्र सुकत जाते आणि मधला एक खडक उघडा पडतो. तो दिसला, की हाथी सोंड उंच करून पाण्याचा तह पुकारतो. मग पाणवठ्यावर कोणी कोणाला मारायचे नाही. वाघ आणि हरीण एकाच धारेला तोंड लावतात. मोह न फुललेल्या वर्षी काय होते हे ज्या घरात माहीत आहे, त्या घरात या गोष्टीला टीप लागणार नाही. रानकुत्र्यांची गोष्टही अशीच. दक्षिणेकडून त्यांची झुंड येते आणि मोगली तिला वैनगंगेच्या कड्यावरच्या मधमाश्यांच्या मोहोळांखाली नेऊन नदीत उडी घेतो. आग्या मोहोळ उठल्यावर काय होते ते आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

मोगली पडद्यावर आणखीही आला. १९८९ साली जपानमध्ये त्याची बावन्न भागांची चित्रमालिका निघाली. ती १९९३ साली दूरदर्शनने हिंदीत दाखवली आणि रविवारी सकाळी गावे ओस पडू लागली. तिच्यात अजगर मित्रच ठेवला होता. पण मोगलीच्या हाती ऑस्ट्रेलियातले फिरून परत येणारे लाकडी हत्यार कसे आले ते जपानी लोकांनाच ठाऊक. तिच्यात शेरखानाला आवाज दिला होता आपल्या नाना पाटेकरांनी. २०१६ साली डिस्नेचा नवा ‘जंगल बुक’ आला, त्याच्या हिंदी आवृत्तीतही शेरखान तेच बोलले. त्या सिनेमातही म्हशींचा कळप वाघाच्या अंगावर सुटला नाही.

आता ताईंच्या विचारण्याचे. सिनेमा पाहू द्या, बिनधास्त. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तोच बरा. मूल आठ-नऊ वर्षांचे झाले, की पुस्तक आणा. मराठीत छोटी रूपांतरे मिळतात. घेताना एक पाहून घ्या, की म्हशींचा प्रसंग आणि दुष्काळाची गोष्ट त्यात आहे की नाही. नसेल तर ते पुस्तक सिनेमावरून काढलेले समजा आणि दुसरे पाहा. शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयात विचारा. म्हशींची गोष्ट आधी वाचा, सुरुवातीची नंतर वाचली तरी चालते. आजोबांनी कधी ढोरे राखली असतील तर त्यांनाच वाचायला बसवा. मधेमधे ते आपलेच काही घालतील, ते घालू द्या. गाव उठवण्याची गोष्ट मूल दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत ठेवून द्या.

आणि मोगलीचे पुढे काय झाले, असे पोराने विचारलेच, तर त्याचेही उत्तर आहे. या पुस्तकांच्या आधी, १८९३ साली, किपलिंगने मोठ्या झालेल्या मोगलीची एक वेगळी गोष्ट लिहिली होती. तिच्यात तो जंगल खात्यात नोकरीला लागतो. साहेब त्याला पगार ठरवून देतो आणि म्हातारपणी पेन्शनही. मोगली लग्न करतो, त्याला मूल होते, आणि लांडगे त्या मुलाशी खेळायला येतात.